डिस्ने मॅरेथॉन वीकेंड: चार दिवसांत ७८ किलोमीटर धावायची तयारी कशी करतात?

मिनी माउसच्या ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये धावणारी बाई, सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर सेल्फी काढणारे आजोबा, गळ्यात खुळखुळणारी सहा पदकं. जानेवारी महिना आला की अशी रील्स फीडमध्ये दिसू लागतात. खाली कमेंट ठरलेली असते, 'हे किती भारी आहे, आपणपण जायचं का?'

ही रील्स असतात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड मॅरेथॉन वीकेंड'ची. पाहताना ती एखाद्या जत्रेसारखी वाटते. पण या जत्रेत एक घड्याळ सतत चालू असतं आणि त्याच्या मागे पडलेल्या माणसाला गाडीत बसवून शर्यतीबाहेर काढलं जातं. हजारो रुपयांची फी, लाखोंचा प्रवास आणि सहा महिन्यांची मेहनत, सगळं एखाद्या फोटोच्या रांगेत वाया जाऊ शकतं.

मग हे घड्याळ नेमकं कसं चालतं? तयारी कधीपासून करायची? आणि वेगवान धावपटू नसलेल्या माणसाला हे जमतं का?

ही शर्यत नेमकी आहे तरी काय?

फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हा प्रचंड मोठा परिसर आहे. १९७१ साली तो सुरू झाला. आज त्यात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार थीम पार्क आहेत. इथे पहिली मॅरेथॉन जानेवारी १९९४ मध्ये झाली. आता 'रन-डिस्ने' या नावाखाली वर्षभरात अनेक शर्यती होतात. फेब्रुवारीत प्रिन्सेस हाफ मॅरेथॉन असते, शरद ऋतूत वाइन अँड डाइन हाफ मॅरेथॉन असते. कॅलिफोर्निया आणि पॅरिसच्या डिस्नेलँडमध्येही शर्यती झाल्या आहेत. पण सगळ्यात मोठा मान जानेवारीच्या मॅरेथॉन वीकेंडचाच.

नाव वीकेंड असलं तरी शर्यती चार दिवस चालतात:

- गुरुवार: ५ किमी
- शुक्रवार: १० किमी
- शनिवार: हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किमी
- रविवार: पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किमी

यातली एकच शर्यत धावता येते किंवा एकत्र 'आव्हान' घेता येतं. शनिवार-रविवारची जोडी म्हणजे 'गूफी चॅलेंज'. ते २००६ पासून आहे आणि त्यात सुमारे ६३ किमी धावावं लागतं. चारही दिवस धावायचं असेल तर 'डोपी चॅलेंज'. ते २०१४ मध्ये सुरू झालं आणि त्याचं एकूण अंतर ४८.६ मैल, म्हणजे सुमारे ७८ किमी भरतं. डोपी पूर्ण करणाऱ्याला चार शर्यतींची चार आणि गूफी व डोपीचं प्रत्येकी एक, अशी सहा पदकं मिळतात. रीलमध्ये खुळखुळतात ती हीच.

घड्याळाचा नियम काय आहे?

नियम एका ओळीचा आहे: प्रत्येक मैल सरासरी १६ मिनिटांच्या आत. किलोमीटरमध्ये सांगायचं तर साधारण ९ मिनिटं ५७ सेकंदांना एक किमी, म्हणजे ताशी सहा किलोमीटरचा वेग.

हे फार अवघड नाही, असं पहिल्यांदा वाटतं. पण आपण रमतगमत चालतो तेव्हा वेग ताशी चार ते पाच किमीच्या आसपास असतो. ताशी सहा म्हणजे ट्रेन सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर झपझप टाकलेली पावलं. तशी पावलं हाफ मॅरेथॉनमध्ये साडेतीन तास आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये जवळपास सात तास टाकत राहायची.

हा वेग सांभाळायला शेवटच्या गटाच्याही मागून काही स्वयंसेवक निघतात. त्यांच्या अंगावर फुगे बांधलेले असतात, म्हणून धावपटूंमध्ये त्यांचं नाव पडलंय 'बलून लेडीज'. त्या बरोबर १६ मिनिटांना एक मैल या गतीने चालतात. त्या तुमच्या मागे आहेत तोवर काळजी नाही. त्या पुढे गेल्या की मागून येणारी गाडी तुम्हाला उचलू शकते. आयोजकांचाही यात नाइलाज असतो. बंद ठेवलेले रस्ते आणि पार्कचे भाग त्यांना इतर पर्यटकांसाठी वेळेत मोकळे करायचे असतात.

फोटो काढायला वेळ मिळतो का?

मिळतो, पण तो कमवावा लागतो. वाटेत ठिकठिकाणी मिकी, गूफीसारखी पात्रं उभी असतात आणि त्यांच्यासोबत फोटोसाठी रांगा लागतात. तुम्ही रांगेत उभे असताना घड्याळ थांबत नाही.

हाफ मॅरेथॉनचा हिशेब करून पाहू. १३.१ मैलांसाठी एकूण मुदत सुमारे २१० मिनिटं.

- तुमचा वेग मैलाला १५ मिनिटं असेल, तर धावण्यात सुमारे १९७ मिनिटं जातात. शिल्लक १३ मिनिटं. म्हणजे एक-दोन फोटो किंवा एकदा स्वच्छतागृह.
- वेग १४ मिनिटं असेल, तर शिल्लक सुमारे २६ मिनिटं.
- वेग १२ मिनिटं असेल, तर शिल्लक ५० मिनिटांहून जास्त. मग हवे तेवढे फोटो काढा.

हा हिशेब अगदी शेवटच्या गटातून निघणाऱ्यासाठी आहे. इथे सगळे एकाच वेळी धावायला सुटत नाहीत. अपेक्षित वेळेनुसार गट पाडले जातात. त्यांना 'कोरल' म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या गटाच्या सुटण्यात बराच वेळ जातो. बलून लेडीज निघतात शेवटच्या गटामागून. त्यामुळे त्यांच्या ३० मिनिटं आधी सुटलेल्या माणसाच्या खिशात ३० मिनिटं जादाची असतात.

म्हणूनच अनुभवी मंडळी आधी एखादी अधिकृत शर्यत धावून तिच्या वेळेचा दाखला जोडतात आणि पुढचा गट मिळवतात. कोणती शर्यत आणि किती जुना दाखला चालतो, हे त्या वर्षीच्या नियमांत आधीच पाहून ठेवावं.

नोंदणीपासून व्हिसापर्यंत काय काय लागतं?

नोंदणी कित्येक महिने आधी ऑनलाइन उघडते आणि लोकप्रिय शर्यती झपाट्याने भरतात. अलीकडच्या वर्षांत एकट्या डोपी चॅलेंजची फी ६०० डॉलरच्या वर गेली आहे. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि आपली जागा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जागा संपल्या तर धर्मादाय संस्थांसाठी निधी गोळा करून किंवा अधिकृत प्रवास कंपन्यांच्या पॅकेजमधून प्रवेश मिळू शकतो.

तीन गोष्टी अनेकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, शर्यतीच्या फीमध्ये थीम पार्कचं तिकीट धरलेलं नसतं. धावताना तुम्ही पार्कमधून जाता, पण नंतर राइडवर बसायचं असेल तर तिकीट वेगळं काढावं लागतं.

दुसरी, बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. हे काम शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये होतं. उशिरा पोहोचणारं विमान पकडलं आणि ते चुकलं, तर पहिली शर्यतही चुकते.

तिसरी, भारतातून जाणाऱ्यांसाठी व्हिसा. शर्यतीत नाव नोंदवलं म्हणजे व्हिसा मिळतो असं नाही आणि मुलाखतीच्या तारखेसाठी बराच काळ थांबावं लागू शकतं. त्यामुळे आधी व्हिसा, मग नोंदणी हा क्रम शहाणपणाचा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण नसते. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने मात्र ती सगळ्यात आधी सोडवायची असते.

तयारी कधीपासून सुरू करावी?

न थांबता अर्धा तास झपझप चालता येत असेल, तर डोपीसाठी साधारण सहा महिने हाताशी ठेवावेत. जानेवारीची शर्यत म्हणजे जुलैपासून सुरुवात. महाराष्ट्रात ते ऐन पावसाळ्याचे दिवस. निसरडे रस्ते आणि ओले बूट गृहीत धरून दोन जोड्या आलटून-पालटून वापरलेल्या बऱ्या.

एक नमुना आराखडा असा असू शकतो:

- पहिले आठ आठवडे: आठवड्यातून तीन दिवस सराव. त्यातला एक दिवस, सहसा रविवार, लांब अंतराचा. पाच-सहा किमीपासून हळूहळू १२ किमीपर्यंत.
- पुढचे आठ आठवडे: रविवारचं अंतर २० किमीपर्यंत. आता शनिवारीही पाच-सहा किमी जोडायचे. थकलेल्या पायांनी पुन्हा उठायची सवय इथून लागते.
- त्यापुढचे सात आठवडे: एक आड एक रविवारी २४ ते ३२ किमी. मधल्या रविवारी अंतर कमी. याच काळात निदान एकदा चार दिवसांची रंगीत तालीम: गुरुवारी पाच, शुक्रवारी आठ ते दहा, शनिवारी १२ ते १६ आणि रविवारी २८ ते ३० किमी.
- शेवटचे तीन आठवडे: अंतर उतरतं ठेवायचं. या दिवसांत केलेल्या जादा सरावाने ताकद वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

सगळा सराव कोणत्या वेगाने करायचा? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगाने. धाप लागून शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा. डोपीमध्ये एका दिवसाच्या वेगापेक्षा चार दिवसांच्या टिकावाला जास्त किंमत असते.

आठवड्यातले दोन दिवस स्क्वॅट, लंजेस, पोटरीचे व्यायाम केले तर गुडघ्यांवरचा ताण पेलायला मदत होते. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असेल किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायाम सुरू करत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

चाललं तर चालतं का?

चालतं, आणि अनेकजण तेच करतात. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर शर्यतीत उतरले होते. त्यांनी १९७० च्या दशकात 'रन-वॉक-रन' ही पद्धत मांडली आणि पुढे रन-डिस्नेसाठी सरावाचे आराखडेही तयार केले. दमल्यावर चालायचं असं या पद्धतीत नसतं. पहिल्या मिनिटापासून ठरलेल्या अंतराने धावायचं आणि चालायचं, म्हणजे पाय पूर्ण थकतच नाहीत.

समजा तुम्ही एक मिनिट धावता, एक मिनिट चालता. धावण्याचा वेग किलोमीटरला आठ मिनिटं आणि चालण्याचा ११ मिनिटं. दोन्ही मिळून सरासरी येते किलोमीटरला सुमारे सव्वानऊ मिनिटं. म्हणजे मैलाला १५ मिनिटांच्या जरा आत. मर्यादा १६ ची आहे. अर्ध्या वेळेला चालूनही तुम्ही बलून लेडीजच्या पुढे राहता.

फक्त एक शिष्टाचार पाळायचा. चालायला लागण्याआधी हात वर करून मागच्याला इशारा द्यायचा आणि रस्त्याच्या कडेला सरायचं.

पहाटे अडीचला उठायचं?

हो, आणि डोपीत सलग चार दिवस. शर्यती पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. आधी बसने पोहोचायचं, सुरक्षा तपासणी करून घ्यायची आणि कोरलपर्यंत बरंच अंतर चालायचं. त्यासाठी अडीच-तीनला उठावं लागतं. म्हणजे संध्याकाळी सात-आठला झोप. पण त्याच वेळी पार्कमध्ये रोषणाई आणि आतषबाजी सुरू होते. सोबत मुलं असतील तर त्यांना काय सांगणार?

भारतातून जाणाऱ्यांना इथे एक गंमतशीर फायदा मिळतो. जानेवारीत फ्लोरिडा भारताच्या साडेदहा तास मागे असतं. तिथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड असतो. नुकतंच पोहोचलेलं शरीर त्या वेळी आपणहून जागं होतं. मात्र झोपेची घडी विस्कटलेलीच असते. म्हणून एक-दोन दिवस आधी पोहोचून विश्रांती घेतलेली बरी.

पार्कमध्ये फिरणं हासुद्धा व्यायामच आहे, हे विसरू नये. एपकॉटमधल्या वर्ल्ड शोकेसची एक फेरीच जवळपास दोन किमीची आहे. शर्यतीच्या आधी दिवसभर पार्क फिरणं म्हणजे न मोजलेली जादा शर्यत धावणं. कुटुंबासोबत जाणाऱ्यांनी पार्कचे मोठे दिवस रविवारनंतर ठेवावेत आणि हे घरी आधीच बोलून घ्यावं.

खायचं, प्यायचं, घालायचं काय?

तासाभराहून जास्त धावताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, असा सर्वसाधारण सल्ला असतो. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅमच्या आसपास असतात. एनर्जी जेल, खजूर, चिक्की, जे पचतं ते घ्या. पण सरावात खाऊन पाहिलेलंच शर्यतीत खा. पहाटे तीनला खायची सवयही आधी लावावी लागते.

पाणी कमी पिणं वाईट, तसं अति पिणंही वाईट. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि ते जिवावर बेतू शकतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंची तपासणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ टक्के जणांचं सोडियम घटलेलं आढळलं होतं. रमत धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थांबायला त्यांच्याकडे वेळ असतो. सूत्र सोपं आहे, तहान लागेल तसं प्यावं. पाय दुखतात म्हणून शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणंही टाळावं. दमलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो.

वेशभूषा करायची असेल तर तो पूर्ण पोशाख घालून निदान १० ते १५ किमी धावून बघा. आरशासमोर गोड दिसणारा जाळीचा स्कर्ट दहाव्या किलोमीटरला मांड्या सोलून काढू शकतो. जिथे घासतं तिथे व्हॅसलीन लावा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

हवामान दगा देऊ शकतं का?

जानेवारीत ऑरलँडोची पहाट साधारण पुण्याच्या हिवाळी पहाटेसारखी असते, दहा अंशांच्या आसपास. पण भरवसा नाही. २०१० मध्ये पारा गोठणबिंदूच्या जवळ गेला आणि हाफ मॅरेथॉनवर हिमकणांचा पाऊस पडला. २०१७ मध्ये विजांच्या धोक्यामुळे हाफ मॅरेथॉनच रद्द झाली. तेव्हा अनेकांनी हॉटेलांच्या आवारात फेऱ्या मारून आपले १३.१ मैल पूर्ण केले. २०२४ मध्येही खराब हवामानामुळे हाफचं अंतर कमी करावं लागलं.

म्हणून सुरुवातीला अंगावर जुना स्वेटर असावा, ऊब आली की टाकून देता येईल असा. आणि शर्यत रद्द होऊ शकते, ही शक्यता मनात धरूनच विमानात बसावं.

मग हे कुणी करावं?

पहिल्यांदाच धावायला सुरुवात करणाऱ्यांसाठी डोपी हा योग्य पहिला टप्पा नाही. त्यांनी आधी आपल्या गावातली १० किमी आणि मग हाफ मॅरेथॉन धावून बघावी. आपला वेग कळतो आणि पुढच्या गटासाठी वेळेचा दाखलाही हाताशी येऊ शकतो. अमेरिकेत असाल तर ५ किमी किंवा १० किमीपासून सुरुवात केलेली उत्तम. हाफसाठी वय किमान १४ आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी १८ लागतं.

आणि रविवारी मॅरेथॉन संपवून त्याच रात्रीचं परतीचं विमान पकडू नका. ४२ किमीनंतर सुजलेले पाय घेऊन इतके तास एका जागी बसल्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. एक दिवस राखून ठेवा. सोमवारी पार्कमध्ये पदकं घालून हळूहळू जिना उतरणारी, प्रत्येक पायरीला कठडा धरणारी बरीच माणसं दिसतात.

या शर्यतीत नावाजलेले धावपटूही आहेत. ब्राझीलच्या आद्रियानो बास्तोस यांनी ही मॅरेथॉन आठ वेळा जिंकली आहे. पण बहुतेकांची स्पर्धा त्यांच्याशी नसतेच. ती असते मागून येणाऱ्या फुग्यांशी. आणि त्यांच्या पुढे राहायला लागतो तो ताशी सहा किलोमीटरचा वेग, सहा महिन्यांचे रविवार आणि कोणत्या फोटोसाठी थांबायचं नाही, हे आधीच ठरवलेलं मन.